थराखालचा शेंदूर

विषय : मुद्देमाल क्रमांक अकरा, पोलादी शाफ्टाचा तुकडा, लांबी अंदाजे अडीच फूट, यावर शिल्लक असलेला धातूचा थर छिलून त्याखालचा भाग पाहण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : श्रीमती अंजनाबाई बळीराम गजभिये, राहणार इंदोरा, नागपूर, यांचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, मी तोच तुकडा बोलतोय.

भाषेबद्दल क्षमा असावी. सतरा वर्षं मी सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीच्या कोठीत, फायलींच्या शेजारी पडून आहे. लोखंडाला गंज चढतो तशीच शेजाऱ्यांची भाषाही चढते. पूर्वी मी गोल बोलत असे, कारण मी फिरत होतो. आता मुद्देसूद बोलतो, कारण मुद्देमाल आहे.

माझा जन्म विलायतेतला. घणाखाली तापून निघालो, लेथवर सोलून निघालो आणि एका यंत्राच्या पोटात बसून बोटीनं मुंबईला आणि तिथून रेल्वेनं या बाजूला आलो. पारशिवनीच्या पुढं मँगनीजची एक खाण होती. खाणीतला माल लोखंडी डब्यांत भरायचा आणि ते डबे उताराच्या रुळांवरून दोरानं वर ओढायचे, हे आमच्या यंत्राचं काम. दोर गुंडाळणारा ढोल माझ्या एका टोकावर होता. दुसऱ्या टोकावर दात्यांचं चाक आणि ब्रेक. मधे दोन बेअरिंगांत मी फिरत असे. म्हणजे वजन एका बाजूला, ते थांबवणारा दुसऱ्या बाजूला आणि दोघांचा एकमेकांवर जो काही विश्वास होता तो माझ्यामार्फत.

यंत्र चालवायला बळीराम होता. शिडशिडीत, कमी बोलणारा. पाळी सुरू झाली की तेलाची कुप्पी घेऊन येई, माझ्या बेअरिंगांत तेल सोडी आणि म्हणे, "घे गा बुढ्या, पी." जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा. जिवंत माणसांशी तो इतक्या प्रेमानं बोलत नसे. अपवाद फक्त धोंडबाचा.

धोंडबा त्याच्या बायकोचा, अंजनाबाईचा, पाठचा भाऊ. बळीरामनंच त्याला खाणीत चिकटवलं होतं. तो खाली डबे जोडायच्या जागी असे. डबे ओढायचे असले की खालून तीन घंट्या यायच्या. धोंडबा जेवणाच्या सुमारास चौथीही वाजवी. तिचा अर्थ, भाऊजी, डबा उघडा, मी येऊन राहिलो. मग बळीरामही वरून उगाच घंटी वाजवी. खाली उत्तर, वर प्रत्युत्तर. सुपरवायझर ओरडे, "अरे, ही खाण हाय का शाळा?"

इतर कामगार खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहून नारळ फोडत. बळीरामच्या घरानं छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतलेली; त्यानंतर त्यानं नारळ सोडला. त्या दिवशी तो यंत्र रॉकेलनं लख्ख पुसून काढी आणि म्हणे, "माही पूजा हेच." सुपरवायझर म्हणे, "पाहून घेशील." मला विचाराल तर नारळाचं पाणी अंगावर पडण्यापेक्षा पुसलेलं बरं वाटे. पण मला कोणी विचारलेलं नाही. आजतागायत.

सदुसष्ट सालापर्यंत बेअरिंगात फिरून फिरून मी एका ठिकाणी इतका झिजलो की खडखडू लागलो. नवा शाफ्ट विलायतेतून आणायचा तर परवाना हवा आणि परवान्यापेक्षा लोखंड वितळवून माणूस लवकर मोकळा होतो. म्हणून मला बैलगाडीतून, मग ट्रकमधून नागपूरला घाट रोडवर मनोहररावांच्या वर्कशॉपमध्ये नेलं. दारावर पाटी होती : "झिजलेल्यावर धातू चढवून मिळेल."

हे काम थोडं समजावून सांगतो. पिस्तुलासारखं एक यंत्र असतं. त्यात मागून पोलादाची तार सरकत जाते, तोंडाशी ज्वाळेत वितळते आणि दाबाची हवा त्या वितळलेल्या पोलादाचे बारीक तुषार उडवते. शाफ्ट लेथवर फिरत असतो. तुषार त्याच्यावर बसत जातात, थरावर थर चढतो. मग तो घासून मापात आणला की म्हातारा पुन्हा कामाला. हे करणारा कारागीर कृष्णकांत होता. मध्य प्रांतात त्याच्या हाताचा माणूस नाही असं मनोहरराव गिऱ्हाइकांना सांगत. मध्य प्रांत जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तो मुद्दा वेगळा.

या कामाचं एक सोवळं आहे. थर धरून बसावा म्हणून आधी झिजलेल्या जागेवर खडबडीत आटे पाडतात. एकदा आटे पडले की त्यांना हात लावायचा नाही. घामाचा थेंब नको, तेलाचा तर वासही नको. तासाभरात धातू चढवायचा. कृष्णकांत हे सोवळं असं पाळी की चहावालाही लेथपासून चार हात लांब थांबे.

त्या दिवशी खंडेनवमी होती. पूजा संध्याकाळी, तोवर काम उरकेल, या हिशेबानं कृष्णकांतनं मला लेथवर चढवून आटे पाडले. आणि मनोहररावांच्या आई, सिंधूताई, दुपारीच ताट घेऊन हजर झाल्या. पूजा सुरू झाली की मशीन बंद. ताटात हळद होती, कुंकू होतं, झेंडूची फुलं होती आणि वाटीत तेलात कालवलेला शेंदूर होता. त्यांनी ड्रिलला लावला, ऐरणीला लावला, पिस्तुलाला लावला आणि लेथपाशी आल्या.

"काकू, त्याले नका लावू!" कृष्णकांत धावत आला. "तो गिऱ्हाइकाचा शाफ्ट हाय, मशीन नाही."

"मशिनीवर बसला हाय ना? मंग मशीनच."

"तेल लागलं तं थर धरत नाही, काकू."

"देवाचं तेल हाय रे हे. तुह्या कुप्पीतलं नाही."

मनोहरराव हसले. "लावू दे ना गा. आईचं बोट लागलं, काम पक्कं झालं समज."

आणि सिंधूताईंनी अगदी मायेनं, तीन बोटांनी, माझ्या ताज्या आट्यांवर शेंदराचे तीन पट्टे ओढले. माझ्या आयुष्यात मला कोणी इतक्या प्रेमानं हात लावला नव्हता. पूजेबद्दल माझी तक्रार नाही. ती आटे सोडून माझ्या दुसऱ्या कुठल्या जागी केली असती तर मी आजही फिरत असतो.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी कृष्णकांत म्हणाला, "मालक, आटे पुन्हा पाडतो."

"म्हणजे पूजेच्या शेंदरावर हत्यार चालवतो? अन् आईनं विचारलं तं काय सांगू?" मनोहररावांनी विचारलं. "खाणीचा माणूस दारात उभा हाय. रॉकेलच्या बोळ्यानं पुसून घे अन् चढव."

रॉकेलनं तेल निघतं. मग रॉकेल राहतं. वरचा लाल रंग गेला, आट्यांच्या खाचांत बसलेला तसाच राहिला. कृष्णकांतनं त्यावर धातू चढवला. घासून मापात आणल्यावर मी असा चमकलो की मला माझंच वय आठवेना. मग त्यानं सवयीनं हातोडीची हलकी टिचकी मारत मारत थर तपासला. सगळीकडे खणखणीत आवाज आला. एका जागी किंचित बसका आला. त्यानं पुन्हा तिथंच टिचकी मारली. पुन्हा बसका. त्यानं मनोहररावांकडे पाहिलं. ते खाणीच्या माणसाला चहा पाजत होते. कृष्णकांतनं हातोडी खाली ठेवली.

हा बसका आवाज जगात दोघांनीच ऐकला आहे. त्यातला एक मी, म्हणजे साक्षीला निरुपयोगी.

तीन महिने मी नीट फिरलो. बळीराम खूश होता. "बुढा जवान झाला," म्हणे आणि पूर्वीसारखंच दोन वेळा तेल देई.

पौषातला दिवस, सकाळचे अकरा वाजले असतील. खालून तीन घंट्या आल्या. बळीरामनं यंत्र सुरू केलं. चार भरलेले डबे उतारावर निम्मे चढून आले असतील, तोच शेंदरावरचा थर सुटला. बोटभर पापुद्रा निघाला आणि बेअरिंगात अडकला. मी तापलो. बळीरामला वास आला. त्यानं यंत्र बंद केलं आणि दोन्ही हातांनी ब्रेक ओढला. त्याच क्षणी मी मोडलो. ब्रेक आणि ढोल यांच्या मधोमध. ब्रेकनं आपलं काम चोख केलं : जो अर्धा भाग त्याच्या हाती होता तो घट्ट धरून ठेवला. त्याला काहीच बांधलेलं नव्हतं. दुसऱ्या अर्ध्यासकट ढोल उलटा फिरू लागला आणि डबे खाली निघाले.

बळीरामनं घंटीचा दोर धरला आणि वाजवत सुटला. थांबेना. खाली तिघं होते. दोघांनी वर पाहिलं आणि रुळांबाहेर उड्या मारल्या. धोंडबा पाठमोरा होता. त्याला वाटलं असावं, भाऊजी गंमत करून राहिले.

खालून उत्तराची एक घंटी आली. मग डबे पोचले.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली. निष्कर्ष मला पाठ आहे, तो माझ्या शेजारच्याच फायलीत आहे : "बेअरिंग जळालेले आढळले. त्याअर्थी त्यास तेल दिलेले नव्हते. तेल देणे हे चालकाचे कर्तव्य. सबब अपघात व मृत्यू चालकाच्या निष्काळजीपणामुळे." त्यांच्या मते मला तेल कमी पडलं. खरी गोष्ट अशी की मला तेल जास्त झालं होतं आणि तेही आतून. सुपरवायझरनं जबाबात एक वाक्य जास्तीचं घातलं : "सदर इसम यंत्राची पूजा करीत नसे." ते कोणी खोडलं नाही.

बळीरामची नोकरी गेली. माझा ढोलाकडचा अर्धा भाग भंगारात गेला. ज्याच्यावर थर होता तो भाग, म्हणजे मी, चिठ्ठी बांधून या कोठीत आलो.

पण नोकरी जाणं हे त्यातलं लहान. अंजनाबाई भावाच्या तेराव्याला माहेरी गेली तेव्हा तिची आई, रुखमाबाई, दारात उभी राहिली. सगळ्या गावासमोर म्हणाली, "तुह्या घरधन्यानं तेल टाकलं नाही अन् माहा पोरगा गेला. सरकारनं तसं लिहिलं हाय. सरकारनं उलटं लिहून देलं तं हा उंबरा चढ." अंजनाबाई उंबऱ्याबाहेरूनच परत फिरली. हे मला तिच्याच तोंडून माहीत आहे. कोठीच्या खिडकीला लागून बाक आहे. तारखेला आलेली माणसं त्यावर बसतात आणि शिपाई चंपतरावाशी बोलतात. ऐकायला मी असतोच.

बळीरामनं अर्ज केला : आपण तेल दिलं होतं, शेरा काढून टाकावा. एवढंच. नोकरीसुद्धा मागितली नाही. अर्जावर तारखा पडू लागल्या. मधल्या काळात तो नागपूरच्या महाल भागात सायकलरिक्षा ओढी. तिच्या साखळीला इतकं तेल देई की सवारीच्या धोतरांना डाग पडत आणि लोक भांडत. हा म्हणे, "डाग धुता येते, भाऊ." शहात्तर साली तो तापानं गेला. कचेरीनं अंजनाबाईला लेखी विचारलं की अर्जदार हयात नसल्यानं अर्ज निकाली काढावा काय. तिनं चंपतरावाकडून लिहून घेतलं : काढू नये.

चंपतराव चांगला माणूस. अंजनाबाईला माठातलं पाणी देई, तारीख पुढं गेली की तिच्याआधी त्याचाच चेहरा पडे. देवभोळा. दर खंडेनवमीला तो कोठी झाडून घेई आणि टाइपरायटर, कपाट, कागदाला भोकं पाडायचं यंत्र, सगळ्यांची पूजा करी. पहिल्याच वर्षी त्याची नजर माझ्यावर गेली. मला गुंडाळलेलं फडकं त्यानं सोडलं, म्हणाला, "एवढं मोठं लोखंड अन् बिनापूजेचं?" आणि हळद, कुंकू, तेलातला शेंदूर असा माझा साग्रसंगीत सत्कार केला. थर सुटलेल्या जागीही केला. तिथं खाचा होत्या, शेंदूर छान धरला.

दर वर्षी. न चुकता. सतरा वर्षं.

चौऱ्याऐंशी साली, दिवाळीनंतर, बाकावर, तारखेला आलेल्या अंजनाबाईशेजारी, एक म्हातारा येऊन बसला. दम लागत होता. धातूचा धूर छातीत गेलेल्या माणसाचा दम मी ओळखतो. तो कृष्णकांत होता. त्यानं अंजनाबाईला सगळं सांगितलं : आटे, तीन पट्टे, बसका आवाज.

तिनं विचारलं, "सोळा वर्सं काहून गप्प बसले, भाऊ?"

"सिंधूकाकू होत्या. त्यायच्या नावानं कसं सांगू? माह्या पोटाले तिथंच भेटे. मागच्या महिन्यात गेल्या त्या."

"तुमच्या काकू गेल्या, आता तुमाले बोलता येते," अंजनाबाई म्हणाली. "माही माय अजून हाय. ऐंशीच्या वर गेली. गावचं कोणी इकडे आलं की त्याच्याजवळ निरोप देते, कागद भेटला का म्हणून इचार. तिलेही माह्याशी बोलावाचं हाय. पण साऱ्या गावासमोर बोलून बसली ना. लौकर लिहून द्या, भाऊ."

कृष्णकांतनं जबाब दिला. कचेरीच्या साहेबांनी मुद्देमाल पाहण्याचा दिवस नेमला. खाणीच्या कंपनीचे वकील आले, इंजिनिअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक आले. अंजनाबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून आली होती. कृष्णकांत म्हणाला, "साहेब, जिथं थर सुटला तिथं खाचांत शेंदूर दिसन. तोच पुरावा." चंपतरावानं मला टेबलावर ठेवलं आणि फडकं सोडलं.

मी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल होतो.

वकिलांनी विचारलं, "हे कोणी लावलं?"

"म्या, साहेब," चंपतराव म्हणाला. "दरसाल लावतो. कोठीत लोखंड म्हणून हाच एक मोठा." बोलता बोलता त्याला उमगलं. तो खाली बसला.

साहेबांनी टिपणी सांगितली : "मुद्देमालावरील शेंदूर तो जमा झाल्यानंतर लागला असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

प्राध्यापक एकटेच माझ्यावर वाकून पाहत होते. ते म्हणाले, "पण पापुद्रा निघाला त्या जागेच्या शेजारी जुना थर अजून घट्ट आहे. त्या काकूंनी तीन पट्टे ओढले असतील तर शेंदूर त्याच्याखालीही गेला असणार. तिथं नंतर कोणालाच लावता येणार नाही. तेवढा थर छिलून बघा. दहा मिनिटांचं काम आहे."

मी सतरा वर्षांत पहिल्यांदा मनापासून ताठ झालो.

"छिलायचं?" साहेब म्हणाले. "म्हणजे मुद्देमालात फेरफार. निकाल लागेपर्यंत मुद्देमाल आहे त्या स्थितीत ठेवायचा असतो."

"आहे त्या स्थितीत?" प्राध्यापकांनी माझ्या रंगाकडे पाहिलं.

"वरून परवानगी आणावी लागेल," साहेब म्हणाले.

बाहेर बाकावर प्राध्यापक कृष्णकांतला सांगत होते की परदेशात आता लेसर नावाच्या प्रकाशाच्या किरणानं धातू वितळवून थर चढवतात, कारागिराचा हातसुद्धा लागत नाही. कृष्णकांत म्हणाला, "किरणाले शेंदूर लावता येत नाही म्हणा."

सगळे गेल्यावर अंजनाबाई आत आली. चंपतराव मला पुन्हा फडक्यात बांधत होता. "बाई, मले माहीत नव्हतं," तो म्हणाला. तिनं माझ्या सुटलेल्या थराच्या कडेवरून बोट फिरवलं. मग लुगड्याचा पदर घेतला आणि पुसू लागली. एखाद्या लेकराचं तोंड पुसावं तसं, आधी हलकं, मग जोरानं.

"नका पुसू, बाई," चंपतराव म्हणाला. "पुरावा हाय."

तिनं पदर सोडला. त्यावर लाल डाग पडला होता. तो तसाच घेऊन ती एस.टी. स्टँडकडे गेली. माहेरच्या गावी तिला पाहुण्यासारखं, शेजारणीच्या ओट्यावर बसून, आईला निरोप पाठवायचा होता की आता एकच परवानगी राहिली.

माझी विनंती साधी आहे. मी झिजलो, भाजलो, रंगलो, मोडलो; या सगळ्याला कोणी माझी परवानगी विचारली नाही. आता छिलण्याला मात्र लागते आहे, तर ती माझ्याकडून या कागदानं दिली आहे असं समजावं. मला दुखणार नाही. थराखाली लाल निघालं तर एका म्हातारीला आपल्या लेकीला आत घेता येईल.

सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे. थर छिलण्याच्या परवानगीचा अर्ज जानेवारी पंच्याऐंशीत वरच्या कचेरीत पाठवला. शिल्लक थराचं नेमकं मोजमाप सोबत नाही, या कारणानं तो मार्चमध्ये परत आला. मोजमाप घेण्यासाठी मुद्देमालास हात लावण्याची परवानगी मागणारं पत्र एप्रिलमध्ये गेलं. त्याचं उत्तर आलेलं नाही. अंजनाबाई दर सोमवारी येऊन चौकशी करते. यंदाच्या खंडेनवमीला चंपतरावानं कोठीचं दार उघडलं नाही.

अर्ज प्रलंबित आहे.